‘हा आमचा बन्या नव्हे’ म्हणण्याआधी

आमच्या भागातल्या वाचनकट्ट्यावर गेल्या महिन्यात ‘पुस्तकातले नायक आणि पडद्यावर झालेले त्यांचे हाल’ असा विषय होता. हाल हा शब्द विषयातच असल्यामुळे चर्चा कुठल्या वाटेने जाणार हे लगेच कळलं. फास्टर फेणेला, म्हणजे आपल्या बन्याला, चित्रपटात मोठा का केला, शेरलॉक होम्सच्या हातात मोबाईल का दिला, डॉक्टर वॉटसनची बाई का केली, अशी एकेक तक्रार येत गेली आणि प्रत्येक तक्रारीच्या शेवटी ‘मूळ’ हा शब्द आला. मूळ होम्स, मूळ फेणे, मूळ चिमणराव. समोर तीन-चार तरुण मुलं होती. त्यांचं उत्तर एवढंच, की पुस्तक वेगळं, सिनेमा वेगळा. पटत नसेल त्यांनी पाहू नये. दीड तास हे चाललं आणि मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटल्या. पहिली बाजू ज्याला मूळ म्हणते तो नायक बऱ्याचदा नंतरच्या लोकांनी घडवलेला असतो, हे ती ध्यानात घेत नाही. दुसरी बाजू तर नायकाला स्वतःची ओळख असते हेच नाकारते. तसं असेल तर मग त्याचं नाव तरी कशाला उसनं घ्यायचं? माझं म्हणणं असं आहे की नायक पुन्हा पुन्हा सांगितले गेले तरच जगतात, आणि सांगताना ते बदलणारच. मराठीत नायक बिघडवले जातात याची ओरड फार होते. ते सांगितलेच जात नाहीत, याची मात्र कुणाला काळजी वाटत नाही.

होम्सपासूनच सुरुवात करतो, कारण पडद्यावर त्याच्याइतक्या वेळा आलेला साहित्यातला माणूस दुसरा नाही. २०१२ मध्ये गिनेसने नोंद केली तेव्हा हा आकडा २५४ होता. डोळे मिटून होम्स आठवून पाहा. दोन्ही बाजूंनी कानपट्ट्या वर बांधलेली टोपी, तोंडात वाकडा पाईप, आणि ओठांवर ‘एलिमेंटरी, माय डिअर वॉटसन’. आता आर्थर कॉनन डॉईल यांच्या ४ कादंबऱ्या आणि ५६ कथा उघडून बसा. ते वाक्य त्या शब्दांत कुठेही सापडत नाही. टोपीचं नाव, डीअरस्टॉकर, तेही येत नाही. ‘बॉस्कम व्हॅली मिस्टरी’त प्रवासाला निघालेल्या होम्सच्या अंगात लांब राखाडी झगा आणि डोक्याला घट्ट बसणारी कापडी टोपी आहे, एवढंच वॉटसन सांगतो. १८९१ मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकासाठी या कथेची चित्रं काढताना सिडनी पॅजेट या चित्रकाराने त्या कापडी टोपीची डीअरस्टॉकर केली. ती रानात शिकारीला जाताना घालायची टोपी. पॅजेट स्वतः हे जाणून होता. त्याच्या चित्रांतला होम्स खेड्याकडे निघाला की ती टोपी घालतो आणि लंडनच्या रस्त्यावर टॉप हॅट. पुढे नाटक-सिनेमावाल्यांनी ती टोपी त्याला शहरातही घातली आणि ती कायमची डोक्यावर बसली. डॉईल यांनी तर आठवणींत लिहून ठेवलंय, की त्यांच्या मनातला होम्स दिसायला इतका देखणा नव्हता. म्हणजे लेखकाच्या मनातला चेहरा वेगळा, चित्रकाराचा वेगळा, आणि जगाने उचलला तो चित्रकाराचा. मग मूळ कोणता?

पाईपची गोष्ट विल्यम जिलेट या अमेरिकन नटापाशी जाते. १८९९ मध्ये त्याने होम्सला रंगभूमीवर आणलं आणि पुढची तीसेक वर्षं तो ही भूमिका करत राहिला; प्रयोगांची संख्या तेराशेच्या घरात जाते. वाकडा पाईप त्याने रूढ केला असं मानलं जातं. नाटक लिहिताना त्याने डॉईल यांना तार करून विचारलं, होम्सचं लग्न लावून देऊ का? डॉईल यांचं उत्तर असं होतं, की लग्न लावा, खून करा, हवं ते करा. आपल्यातला कोणी असं उत्तर ऐकून कानावर हात ठेवील. पण जरा विचार करा. याच लेखकाने १८९३ मध्ये होम्सला स्वित्झर्लंडमधल्या रायखेनबाखच्या धबधब्यात ढकलून दिलं होतं. त्याच्यापुरता होम्स संपलेला होता. जिलेटने त्याला रोज रात्री प्रेक्षकांसमोर जिवंत उभा केला. डॉईल १९०१ मध्ये होम्सकडे वळले तेव्हा बास्करव्हिलच्या कुत्र्याची कथा त्यांनी आधीच्या काळात नेऊन ठेवली, आणि १९०३ मध्ये मात्र होम्स मेलाच नव्हता असं सांगून टाकलं. स्वतःच्या पात्राशी लेखकाने केलेली याहून मोठी फेरफार मला तरी माहीत नाही. आणि त्याचं पहिलं पुस्तक? १८८६ मध्ये त्याचे सगळे हक्क डॉईल यांनी २५ पौंडांना विकले होते.

मोबाईलच्या तक्रारीलाही शंभर वर्षांचा इतिहास आहे. १९२१ ते १९२३ या काळात एली नॉरवूड या नटाला घेऊन इंग्लंडमध्ये होम्सचे ४७ मूकपट निघाले. डॉईल यांना नॉरवूडचं काम आवडलं होतं. त्यांची तक्रार एकच होती, की या चित्रपटांत टेलिफोन आणि मोटारगाड्या घुसवल्या आहेत, व्हिक्टोरियाच्या काळातल्या होम्सने ज्यांची कल्पनाही केली नसती. ही तक्रार करणारे डॉईल पुढच्या दोन वर्षांत लिहिलेल्या कथांमध्ये बेकर स्ट्रीटवरच्या घरात टेलिफोन बसवून मोकळे झाले. याला मी त्यांचा दुटप्पीपणा म्हणणार नाही. लेखकाचा काळ पुढे सरकत असतो आणि पात्र त्याच्याबरोबर चालतं, एवढंच यातून दिसतं. वॉटसनला गोळी खांद्याला लागली होती की पायाला, यावर डॉईल यांच्या दोन पुस्तकांत दोन उत्तरं आहेत. ज्या संहितेला आपण दगडावरची रेघ समजतो ती लिहिणाऱ्याच्या हातून अशी हलत होती.

सुपरमॅनचंही हेच. १९३८ मध्ये कॉमिकमध्ये आला तेव्हा तो उडत नसे, लांब उड्या मारायचा. ज्या क्रिप्टोनाईटशिवाय आज त्याची गोष्टच होत नाही, ते १९४३ मध्ये त्याच्या रेडिओवरच्या मालिकेत पहिल्यांदा आलं आणि छापील पानांवर नंतर.

आता विरोधी बाजूचं जे खरोखर वजनदार आहे त्याकडे येतो. पहिला मुद्दा वॉटसनचा. डॉईल यांचा वॉटसन लष्करातला डॉक्टर आहे, १८८० मध्ये अफगाणिस्तानात मैवंदच्या लढाईत जखमी होऊन परतलेला. तो नेमबाज आहे, मित्रासाठी जीव धोक्यात घालणारा आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो लेखक आहे. या बहुतेक साऱ्या कथा आपल्याला त्याच्या शब्दांत मिळतात. १९३९ ते १९४६ मध्ये बॅसिल रॅथबोनचे होम्सवरचे १४ चित्रपट आले. त्यांत नायजेल ब्रूसने वॉटसनला अडखळत बोलणारा, काही न कळणारा, विनोदापुरता म्हातारा करून टाकला. दोन पिढ्यांच्या मनात वॉटसन म्हणजे बावळट हे समीकरण पक्कं झालं. हे नुकसान खरं आहे आणि ते रूपांतराने केलं, हे मी मान्य करतो. यात होम्सचंही नुकसान आहे. मूर्खासमोर शहाणा ठरायला काय लागतं? चांगल्या, समजूतदार डॉक्टरला जे दिसलं नाही ते होम्सला दिसतं, म्हणून त्या कथांची मजा आहे.

पण हे नुकसान कोणी भरून काढलं? पुस्तकं तर सगळा काळ दुकानात होतीच, तरी त्यांनी काढलं नाही. १९८४ मध्ये ग्रॅनाडा टेलिव्हिजनने जेरेमी ब्रेटला घेऊन नवी मालिका सुरू केली आणि त्यात आधी डेव्हिड बर्क व नंतर एडवर्ड हार्डविक यांनी वॉटसनला त्याची अक्कल आणि अब्रू परत दिली. त्या मालिकेत कितीतरी चौकटी पॅजेटच्या चित्रांवरून जशाच्या तशा लावलेल्या दिसतात. एका रूपांतराने घातलेला घाव दुसऱ्या रूपांतराने भरला. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या मालिकेत लूसी लिऊ ही अभिनेत्री वॉटसन झाली तेव्हा नाकं मुरडली गेली. मला विचाराल तर तिची जोन वॉटसन नायजेल ब्रूसच्या वॉटसनपेक्षा पुस्तकाच्या कितीतरी जवळ आहे. ती डॉक्टर आहे, तिला स्वतःचं मत आहे, आणि होम्स चुकतो तिथे ती त्याला अडवते. मिशा आणि पुरुषाचं शरीर असूनही ब्रूसचा वॉटसन परका होता. म्हणून मी म्हणतो, ओळख कपड्यांत, काळात, वयात शोधू नका. संकटात तो माणूस काय करतो तिथे शोधा. होम्सची ओळख अशी, की त्याच्या दाराशी आलेली गव्हर्नेस आणि त्याच दारी आलेला राजा, दोघांचं तो सारख्याच लक्ष देऊन ऐकतो; आणि इतरांना क्षुल्लक वाटलेली गोष्ट त्याला क्षुल्लक वाटत नाही. एवढं ज्याने राखलं त्याला मी टॅक्सीतला होम्सही माफ करीन.

दुसरा वजनदार मुद्दा पैशाचा आहे. नाव विकतं म्हणून नाव घ्यायचं आणि आत भलताच माणूस उभा करायचा, असं होतं. मी ते नाकारत नाही. पण ‘मूळ’ जपण्याच्या नावाखालीही पैसाच मोजला जातो, हे आपण विसरतो. होम्सच्या बहिणीची कथा सांगणारा ‘एनोला होम्स’ हा चित्रपट २०२० मध्ये आला. त्यावर डॉईल यांच्या वारसांच्या कंपनीने अमेरिकेत दावा लावला. मुद्दा काय, तर होम्स भावनाशील, इतरांची कदर करणारा झाला तो डॉईल यांच्या शेवटच्या कथांत. त्या कथांवरचा कॉपीराईट अजून तिथे शिल्लक आहे. तेव्हा होम्सने माया दाखवली तर आमची परवानगी हवी. माणसाच्या मायेवर मालकी सांगायची! खटला त्याच वर्षी मिटला, आणि १ जानेवारी २०२३ ला शेवटच्या कथाही तिथे खुल्या झाल्या. पावित्र्याची भाषा बोलणारा प्रत्येक जण पात्राच्या प्रेमापोटीच बोलत असतो असं समजू नये, एवढ्यासाठी हे सांगितलं.

आणि आपण मराठी माणसं रूपांतराला नावं ठेवतो तेव्हा मला खरोखर आश्चर्य वाटतं. आपली रंगभूमी कशावर उभी राहिली? आगरकरांनी १८८३ मध्ये हॅम्लेटचं ‘विकारविलसित’ केलं. देवलांनी १८९० मध्ये ऑथेल्लोचा ‘झुंजारराव’ केला. ऑथेल्लोचं मूरपण गेलं, व्हेनिस गेलं, उरली ती बायकोवरच्या संशयाने जळणाऱ्या शूर माणसाची तडफड, आणि तीच तर हवी होती. पुलंनी ‘ती फुलराणी’त शॉच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकातल्या एलायझाची मंजुळा केली आणि १९७५ मध्ये भक्ती बर्वे यांनी ती उभी केली. ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’ हे स्वगत आजही स्पर्धांमध्ये मुली तोंडपाठ म्हणतात. त्यातल्या बहुतेकींनी शॉचं नाव ऐकलेलं नसतं, आणि मला त्यात काही वावगं दिसत नाही. खुद्द शॉ मात्र या बाबतीत फार कडक होते. १९१४ मध्ये लंडनच्या प्रयोगात हिगिन्सचं, म्हणजे तिला बोलायला शिकवणाऱ्या प्राध्यापकाचं, काम करणाऱ्या नटाने शेवटी एलायझाकडे फुलं फेकून गोड शेवट सुचवला, तेव्हा ते संतापले. १९१६ मध्ये त्यांनी एलायझा हिगिन्सशी लग्न करत नाही, फ्रेडीशी करते, असा लांबलचक उपसंहार छापला. तरी पुढच्या चित्रपटाने आणि संगीतिकेने तिला हिगिन्सच्या घरी परत पाठवलंच. लेखकाचं ऐकायला हवं होतं का? या एका बाबतीत मी शॉच्या बाजूचा आहे, कारण एलायझाचं स्वतःच्या पायावर उभं राहणं हा तिचा गाभा आहे आणि तो शेवटच्या पाच मिनिटांत हिरावला गेला. पण हे म्हणायला मला काय हिरावलं ते सांगावं लागलं. नुसतं ‘मूळ तसं नाही’ म्हणून भागलं नाही.

दुसऱ्याची एलायझा आपण फुलं विकायला मराठी गल्लीत आणून बसवतो तेव्हा ती प्रतिभा, आणि आपल्या बन्याला कोणी हात लावला की तो भ्रष्टाचार, हे दोन मापांनी मोजणं झालं.

याच्याही मागे जाता येईल. रामकथा हा श्रद्धेचा विषय आहे, तिला काल्पनिक नायकांच्या पंक्तीला मी बसवत नाही. पण कथा सांगण्याची आपली रीत तिथेच घडली. मोरोपंतांच्या नावावर १०८ रामायणं आहेत. त्यातलं एक निरोष्ठ रामायण, म्हणजे प, फ, ब, भ, म ही ओठ मिटून उच्चारायची अक्षरं टाळून रचलेलं. त्या नियमाने चालायचं तर रामायणात ‘राम’ हा शब्दच येऊ शकत नाही. सांगण्याचं एवढं स्वातंत्र्य घेणाऱ्या कवीला बारामतीत कोणी मूळ बिघडवलं म्हणून धारेवर धरलं नाही. सांगणाऱ्याने आपली कला पणाला लावावी, अशी अपेक्षाच होती.

चिमणरावाचं पाहा. माझ्या पिढीला चिमणराव म्हटलं की दिलीप प्रभावळकर दिसतात आणि गुंड्याभाऊ म्हटलं की बाळ कर्वे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला मुंबई दूरदर्शनवर ती मालिका लागायची. आमच्याकडे टीव्ही नव्हता. समोरच्या काकूंकडे चटईवर दाटीवाटीने बसून आम्ही ती पाहायचो आणि प्रभावळकरांचा तो किंचित चिरका, घाबरट आवाज लागला की माझे आजोबा मान हलवायचे. ‘चांगलं करतो पोरगा,’ ते म्हणायचे, ‘पण चिमणराव म्हणजे दामूअण्णा.’ चाळीसच्या सुमारास मास्टर विनायकांच्या चित्रपटांत दामूअण्णा मालवणकर चिमणराव झाले होते आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. आजोबांसाठी तेच मूळ. चिं. वि. जोशींचं पुस्तक तेव्हाही फळीवर होतंच. आज आमच्या वाचनकट्ट्यावर मूळ चिमणराव म्हणून ज्याची साक्ष काढली गेली तो प्रभावळकरांचा होता, म्हणजे माझ्या आजोबांच्या लेखी नवखा. चाळीस वर्षांत रूपांतराचं मूळ होतं. ते करायला तेवढा मोठा नट आणि तेवढ्या ताकदीचं लेखन लागतं, हे उघड आहे.

ब्योमकेश बक्षीचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं, आणि त्यात पुणंही येतं. शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी १९३२ पासून हा नायक लिहायला घेतला. होम्सचं ऋण त्यात स्पष्ट आहे. वॉटसनच्या जागी अजित आहे, तोही लेखकच. पण ब्योमकेश धोतर नेसतो, स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून घेणं त्याला रुचत नाही, तो सत्यान्वेषी आहे, आणि तो प्रेमात पडून सत्यवतीशी लग्न करतो. लेखक १९३८ मध्ये बॉम्बे टॉकीजसाठी मुंबईला आले, १९५२ मध्ये पुण्याला स्थायिक झाले. मधली पंधरा-एक वर्षं त्यांनी ब्योमकेश बाजूला ठेवला होता. बंगाली वाचकांनी मागणी केली म्हणून तो परतला, आणि कलकत्त्याच्या गल्ल्यांमधल्या त्या नंतरच्या कथांपैकी कितीतरी आपल्या पुण्यात बसून लिहिल्या गेल्या. १९९३ मध्ये बासु चॅटर्जींनी रजित कपूरला घेऊन दूरदर्शनवर हिंदी मालिका केली. बंगालीचं अक्षर न येणारे आपण लाखो मराठी लोक ब्योमकेशला ओळखतो ते त्या मालिकेमुळे. इंग्लंडचा होम्स, त्यातून बंगालीत जन्मलेला नवा माणूस, त्याचं पुण्यात झालेलं लेखन, त्याची मुंबईत झालेली हिंदी मालिका. यातली कोणती पायरी काढून टाकायची?

आता सर्वांत अवघड आक्षेप. तो त्या संध्याकाळी एका निवृत्त शिक्षिकेने मांडला आणि मला तो अजून पुरता खोडता आलेला नाही. त्या म्हणाल्या, ‘इंग्रजीचं ठीक आहे. त्यांच्याकडे अडीचशे होम्स आहेत, त्यातला एक वाईट निघाला तर बिघडत नाही. आपला फेणे तीस वर्षांत एकदा येतो. तो चुकीचा आला तर पुढच्या तीस वर्षांच्या मुलांना तोच फेणे.’ बाईंचं म्हणणं खरं आहे. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, फुरसुंगीचा, सायकलवर स्वार, ‘ट्टॉक्’ करणारा, १९८७ मध्ये दूरदर्शनवर सुमीत राघवनच्या रूपाने आला आणि मोठ्या पडद्यावर २०१७ मध्ये अमेय वाघच्या रूपाने. दोन्हींत तीस वर्षांचं अंतर. छोट्या बाजारपेठेच्या भाषेत प्रत्येक रूपांतरावर एवढा भार येतो की ते मोडूनच पडावं.

त्या चित्रपटाबद्दल माझाही आक्षेप आहे. तो मोबाईलवर नाही, आजच्या पुण्यावर नाही, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतल्या गैरव्यवहाराच्या कथेवरही नाही. भागवतांनी स्वतः बन्याला चीनच्या युद्धाच्या निमित्ताने ईशान्येच्या सरहद्दीपर्यंत नेलं होतं, तेव्हा ताज्या घडामोडींचं त्यांना वावडं नव्हतंच. दुसऱ्याच्या संकटात विचार न करता उडी घेणं, हा बन्याचा स्वभाव चित्रपटाने राखला आहे आणि अमेय वाघने त्यात जीव ओतला आहे. स्वतः भागवतांना पात्र म्हणून कथेत आणणं, आणि तेही प्रभावळकरांच्या रूपात, ही तर मला फार हृद्य कल्पना वाटली. माझा आक्षेप वयाचा आहे. बन्या शाळकरी मुलगा होता, म्हणून तो शाळकरी मुलांचा होता. मोठ्यांनी ‘तू लहान आहेस, यात पडू नकोस’ म्हणायचं आणि त्याने पडायचं, यात त्या गोष्टींची सगळी ऊर्जा होती. बारावी झालेला मुलगा धावला तर ते धाडस आहे. बारा वर्षांचा धावला तर ती बंडखोरी आहे. मुलांच्या हातातला एक नायक मोठ्यांनी काढून घेतला, हे मला लागलं.

तरी पुढे काय झालं ते सांगतो. तो चित्रपट पाहून आलेल्या माझ्या भाच्याने, तेव्हा तो सहावीत होता, फेणेची पुस्तकं मागितली. मी माझी जुनी प्रत दिली, पाठीला डिंकाने कागद चिकटवलेली. पोटावर पालथा पडून, पाय हवेत हलवत त्याने ती एका दुपारी संपवली. मध्येच त्याने विचारलं, ‘मामा, हा पळत कशाला जातो? फोन का नाही करत?’ मी सांगितलं, तेव्हा घरोघरी फोन नव्हते. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘मग बरंच आहे. फोन असता तर गोष्टच झाली नसती.’ ज्या चित्रपटाने बन्याचं वय हिरावलं, त्यानेच बारा वर्षांच्या मुलाला बन्यापर्यंत आणून सोडलं होतं. पडद्यामुळे पुस्तक मागे पडतं असं म्हणणाऱ्यांनी हेही पाहावं. मात्र माझ्याकडे ती प्रत होती म्हणून हे जुळलं. पुस्तकं छापील राहिली पाहिजेत, शाळेच्या कपाटात कुलपाबाहेर राहिली पाहिजेत. ती नसतील तर बाईंची भीती खरी ठरेल.

आणि बाईंच्या आक्षेपावर उपाय कोणता? तीस वर्षांत एकदा येणाऱ्या गोष्टीला अधिक काटेकोर पहारा लावायचा, की ती तीनदा येईल असं पाहायचं? दुसऱ्या रेडिओमालिकेने, तिसऱ्या बालनाट्याने, चौथ्या चित्रकथेने पहिल्याची चूक दुरुस्त होते; वॉटसनच्या बाबतीत ती तशीच झाली. पहारा कडक झाला की पैसे लावणारा घाबरतो आणि नायक कपाटात जातो. कपाटात गेलेल्या नायकाचं काय होतं ते बाबूराव अर्नाळकरांच्या बाबतीत दिसतं. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या त्या माणसाने. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही नावं एके काळी गिरणीतल्या कामगारापासून कॉलेजच्या पोरापर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. वाचनालयात पुस्तक परत यायच्या आधी त्याच्यासाठी दोघं उभे असत, असं माझे वडील सांगायचे. मागच्या दिवाळीत रद्दीच्या दुकानात मला काळापहाडाचं एक पुस्तक दिसलं. मुखपृष्ठ सुटलेलं, पहिल्या पानावर कुठल्यातरी वाचनालयाचा जांभळा शिक्का, पानं कडेला भुग्यासारखी झालेली. दुकानदार माझ्याहून वयाने मोठा. त्याने ते काट्यावर ठेवलं. दुकानात बसलेल्या त्याच्या मुलाला काळापहाड म्हणजे काय ते माहीत नव्हतं. कोणी म्हणेल, अर्नाळकर भराभर लिहायचे, त्यांचं साहित्य टिकण्याजोगं नव्हतं. असेलही. पण १८९० च्या दशकातल्या लंडनमध्ये मासिकांतल्या गुप्तहेरांच्या कथा तरी कोणी चिरंतन म्हणून वाचत होतं का?

एक गोष्ट लक्षात आणून द्यायची आहे. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरचा कॉपीराईट संपतो. शरदिंदु बाबूंचा ब्योमकेश २०३१ च्या पहिल्या दिवशी खुला होईल. भागवत २००१ मध्ये गेले, त्यामुळे फेणेला २०६२ उजाडावं लागेल. तोवर त्याचा मार्ग वारसांच्या उदारपणातून जातो. चिं. वि. जोशी मात्र १९६३ मध्ये गेले. १ जानेवारी २०२४ पासून चिमणराव, गुंड्याभाऊ, चिमणरावाची बायको काऊ, मोरू, मैना ही सगळी मंडळी कोणाही मराठी माणसाला वापरायला मोकळी झाली आहेत. होम्सच्या शेवटच्या कथा खुल्या झाल्या तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी दखल घेतली. आपल्याकडे त्या दिवशी मला कुठे दोन ओळी दिसल्या नाहीत.

वाचनकट्ट्याच्या पुढच्या बैठकीसाठी मी एक विषय सुचवला आहे. प्रत्येकाने चिमणरावाचा आजच्या काळातला एक प्रवेश लिहून आणायचा: घराच्या कर्जासाठी बँकेत गेलेला चिमणराव, जिमचा मालक झालेला गुंड्याभाऊ, ज्याला जे सुचेल ते. वाचून झालं की पटलं नाही त्याने नेमकं काय पटलं नाही ते सांगायचं. आतापर्यंत सात जणांनी नावं दिली आहेत. त्या निवृत्त शिक्षिकेचं नाव यादीत पहिलं आहे. त्यांना काऊच्या तोंडून लिहायचं आहे.